तीन गाठींची फाइल

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमचं घर हरवलं.

म्हणजे विटा-सिमेंटचं घर जागच्या जागी होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. हरवली होती त्याची फाइल. पण ज्यांनी आयुष्यातलं पहिलं घर घ्यायला काढलंय त्यांना विचारून बघा. किल्ली हातात पडेपर्यंत घर फाइलीतच राहत असतं.

“चालू कामांच्या मांडणीत नाही, साहेबांच्या टेबलावर नाही, प्रिंटरखालीसुद्धा बघितलं,” वकिलांची टायपिस्ट म्हणाली. ती रडायचीच काय ती बाकी होती.

आतल्या खोलीतून वकीलसाहेब बाहेर आले. उंच, केस पांढरेशुभ्र, कोटाची सगळी बटणं लावलेली. “मिळेल,” ते म्हणाले. “फाइलीला काय पाय फुटतात?”

गेले चार महिने मी हेच ऐकत होते. मिळेल, होईल, ठेवून जा, सकाळी बघतो. आमच्या एकेका कागदाला त्यांच्याकडे आठ-आठ दिवस लागायचे. माझा नवरा म्हणायचा, हे वकील दिवसाला एकच ओळ वाचतात आणि मग दमून घरी जातात. तरी आम्ही त्यांनाच धरून होतो, कारण त्या घराचं मूळ खत चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलं होतं.

ते मूळ खतही त्याच फाइलीत. त्याची सरकारी नक्कल काढायची तर दोन महिने. आणि आमच्याकडे दिवस होते चार. घर विकणारे ड्रॉइंगमास्तर शनिवारच्या गाडीने कायमचे लेकीकडे निघाले होते. शुक्रवारपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर घर पुतण्याला द्यायचं, असा त्यांनी त्याला शब्द दिला होता. पुतण्याला तिथे रंगाच्या डब्यांचं गोदाम करायचं होतं.

माझ्या कडेवर दहा महिन्यांची ठमी होती आणि शेजारी सासूबाई.

“पाय फुटत नाहीत, साहेब,” सासूबाई म्हणाल्या. “हात लागतो कुणाचा तरी.”

सासूबाईंनी एकतीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात वह्या शिवल्या होत्या. त्यांचा कागदापेक्षा दोऱ्यावर जास्त भरवसा. कागदावर माणूस वाटेल ते लिहितो, म्हणायच्या, पण टाका कुणी घातलाय ते टाका बरोबर सांगतो.

“बसू या जरा,” त्या मला म्हणाल्या. “तुझी लेक शांत आहे तोवर दोन गोष्टी विचारून घेते.”

२

वकीलसाहेब आत गेले. सासूबाईंनी टायपिस्टसमोरची खुर्ची ओढली. “शेवटची कधी पाहिलीस फाइल?”

“शनिवारी. अण्णांनी फोनवर सांगितलं, ती फाइल साहेबांच्या टेबलावर ठेव. मी दुपारी ठेवली. त्या वेळी टेबलावर आधीच्या दोन होत्या, आमची… म्हणजे तुमची तिसरी. सोमवारी आले तर टेबल मोकळं.”

अण्णा म्हणजे तिथले जुने हेडक्लार्क. बावीस वर्षं साहेबांच्या सावलीसारखे. दहा दिवसांपूर्वी जिन्यात घसरून मनगट मोडलं म्हणून रजेवर. ही मुलगी जेमतेम तीन महिन्यांची. साहेब सकाळी नऊ ते दहा दार लावून कुणाला भेटत नाहीत एवढंच तिला माहीत होतं. “अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवतात म्हणे. मोठ्या माणसांच्या सवयी.”

“शनिवारी कोण कोण आलं होतं?”

“मास्तरांचा पुतण्या आला होता. मग स्वतः मास्तर. दोघंही आत जाऊन आले.” तिने आवाज खाली आणला. “पुतण्याच्या हातात मोठी पिशवी होती.”

सासूबाईंचं लक्ष पिशवीत नव्हतंच. त्या मांडणीकडे बघत होत्या. पूर्वी तिथे फाइली कशाबशा कोंबलेल्या असायच्या. आता सगळ्या ताठ उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पांढऱ्या नाडीचं सुबक फूल बांधलेलं.

“हे तू केलंस?”

“हो.” पोरगी पहिल्यांदाच हसली. “किती गबाळं होतं सगळं. अण्णा येतील तेव्हा बघतच राहतील.”

“छान बांधतेस,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून कुणाच्या बांधणीचं कौतुक मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या बुटांच्या नाडीलाही त्या नावं ठेवायच्या.

मी खाली ठेवलेली ठमी तेवढ्यात रांगत मांडणीखाली गेली. ओढून बाहेर काढली तर गाल फुगलेला. मी बोट घालून बघितलं. नाडीचा तुकडा. इंचभर लांब, कात्रीने कापलेला, आणि त्याच्यावर एकापाठोपाठ एक तीन गाठी.

मी तो केराच्या डब्यात टाकणार, इतक्यात सासूबाईंनी माझा हात धरला. तुकडा पुसून रुमालाच्या टोकात बांधला आणि रुमाल कनवटीला खोचला.

जिन्यात मी म्हटलं, “आई, उष्टा तुकडा कशाला घेतला?”

“आठवतंय, पहिल्या दिवशी त्या अण्णांनी आपली फाइल बांधली तेव्हा मी काय म्हटलं होतं?”

आठवत होतं. नाडीच्या टोकाला गाठ कशाला मारताय, उसवतेय का, असं त्या बिचाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत विचारलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“तेव्हा एक गाठ होती,” सासूबाई म्हणाल्या. “मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दोन. गाठींना काय पिल्लं होतात?”

३

आमच्या तपासाचं वेळापत्रक ठमीच्या हातात होतं. ती झोपून उठली की निघायचं आणि तिने रडं काढलं की परतायचं. मंगळवारी सकाळी दूध पिऊन ती खूश होती, तेवढ्यात आम्ही पुतण्याचं दुकान गाठलं.

दुकानात टर्पेंटाइनचा वास. भिंतभर डबे, काउंटरवर रंगांच्या पट्ट्यांची पुस्तकं. पुतण्या एका डब्यात काठी फिरवत होता. आम्हाला बघून त्याने काठी थांबवली नाही.

“मी चोरली, असंच ना?” तो म्हणाला. “काकी, डोकं चालवा की. मला नुसतं शनिवारपर्यंत हातावर हात ठेवून बसायचंय. तुमचे वकील माझं काम फुकटात करतायत. मी कशाला फाइल उचलून पोलिसांच्या तोंडी जाऊ?”

“मग शनिवारी गेला होतास कशाला?”

“कुठवर आलंय ते विचारायला. आणि कार्ड द्यायला. त्यांच्या ऑफिसच्या भिंती बघितल्यात? पिवळ्या पडल्यात पार. म्हटलं, रंग काढून देतो.” पिशवीत रंगाच्या पट्ट्या होत्या, त्याने दाखवल्या. मग एकदम फुरंगटून म्हणाला, “पण काय माणूस आहे! कार्ड हातात घेतलं, फिरवलं, आणि विचारतो, काय करता आपण? अहो, कार्डावर एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगाचं दुकान छापलंय. लाल रंगात. मोठे झाले म्हणून काय माणसाला किंमतच द्यायची नाही?”

“आणि पट्ट्या बघितल्या?”

“हात फिरवला वरून. म्हणाले, तुम्हाला आवडेल तो लावा.”

ठमीने एव्हाना एका डब्यात बोट बुडवलं होतं. पुतण्याने फडक्याने ते पुसलं. अगदी हळू, नखाच्या कडेपासून. तेव्हा मला वाटलं, हा चोर नाही. पण वाटण्यावर घर मिळत नाही.

बाहेर पडल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, “उरले मास्तर.”

“उरले म्हणजे काय, भाजी आहेत का?” सासूबाई म्हणाल्या. “चल, वाटेवरच आहे.”

४

त्या घराचं दार उघडलं की डावीकडे स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीतून गल्लीचं टोक दिसतं. पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा ठमी पोटात होती. त्या खिडकीशी उभी राहून मला वाटलं होतं, इथून हाक मारली तर शाळेतून येणाऱ्या मुलाला ऐकू जाईल. बाकी घर मी नंतर पाहिलं.

मास्तर खोक्यांच्या गराड्यात बसले होते. ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळत होते, एकेक, बाळाला दुपट्यात घ्यावं तसे.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “फाइल गेली म्हणे.” हातातला ब्रश खोक्यात ठेवून म्हणाले, “खोटं कशाला बोलू? ऐकून क्षणभर बरं वाटलं, घर अजून सुटत नाही म्हणून.”

मी ठमीला फरशीवर सोडलं.

“तुम्हीच तर नाही ना नेली?” सासूबाईंनी थेट विचारलं.

“शनिवारी गेलो होतो मागायला. एका दिवसापुरतं मूळ खत द्या म्हटलं. त्यावर आमच्या हिची सही आहे, शेजारी माझी. नवीन लग्न झालेलं, तिने सही करताना माझ्या हाताखालून पेन ओढून घेतलं होतं. तो ओरखडा आहे कागदावर. तो एकदा बघायचा होता.” मास्तरांनी ब्रशाला दोरा गुंडाळला. “साहेबांनी दिलं नाही. म्हणाले, फाइल अण्णा आल्यावर उघडू. पण नाडी ओढली की उघडते फाइल, त्याला अण्णा कशाला हवेत?”

“टेबलावर होती तेव्हा?”

“तीन फाइली होत्या. कुठली कुणाची, मला काय कळणार? सगळ्यांना सारखीच फुलं.” ते हसले. “साहेबही म्हातारे झालेत. पूर्वी भेटले की म्हणायचे, मास्तर, केस पिकले. परवा म्हणाले, मास्तर, आवाज थकला.”

ठमी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहायला बघत होती. त्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, खालून वर, प्रत्येकीपुढे साल घातलेलं.

“लेकीची उंची,” मास्तर म्हणाले. “पुतण्याने घेतलं तर तो हिरवा ऑइलपेंट मारणार. म्हणून तुम्हाला देतोय खरं तर. पण शब्द म्हणजे शब्द. शुक्रवार संध्याकाळ.”

गल्लीत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मास्तरांनी नेली नाही.”

“कशावरून?”

“त्यांच्या मनात असतं तर ओरखड्याचं सांगितलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, मला फाइल कुठे आहे ते कळलंय बहुतेक.” त्या चालता चालता थांबल्या. “पण मला ते खरं व्हायला नकोय.”

५

अण्णांचं घर दोन जिने चढून. बुधवारी दुपारी गेलो तर ते खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होते. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. आमच्यासाठी उठायला गेले, सासूबाईंनी बसवलं आणि बटण लावून दिलं.

“अण्णा, तुमच्या गाठी बघून मी तुम्हाला हसले होते. चुकलं माझं,” सासूबाई म्हणाल्या.

“असू दे हो. सवय असते एकेकाची.”

“सवय नाही ती. एक गाठ म्हणजे नवीन काम. दोन म्हणजे कागद तपासणीला. तीन म्हणजे फक्त शेवटचं वाचन आणि सह्या राहिल्या. आणि काम संपलं की नुसतं फूल, गाठ नाही. बरोबर?”

अण्णांनी प्लॅस्टरची कड चाचपली. नाही म्हणाले नाहीत.

“रजेवर जायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या फाइलीला तिसरी गाठ मारलीत.”

“मारली. तुमचं काम तयार होतं. माझंच मनगट आडवं आलं.”

सासूबाईंनी कनवटीचा रुमाल काढला, टोक सोडलं आणि तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

अण्णांनी तो बघितला नाही. आधी बोटांनी चाचपला. मग त्यांचा चेहरा उतरला. “कुणी कापलं हे?”

“नव्या पोरीने. तुम्हाला आवडेल म्हणून सगळ्या नाड्या सारख्या केल्यात तिने. गबाळी टोकं कापून, छान फुलं बांधून.”

“सगळ्या?” अण्णा उठून उभे राहिले. “म्हणजे साहेब…” आणि तिथेच थांबले.

“बोला की.”

“नाही ताई. मी शब्द दिलाय त्यांना. सहा वर्षांपूर्वी.” त्यांचे डोळे भरले होते. “माझी लेक शिकली ती त्यांच्यामुळे. माझ्या तोंडून नाही निघायचं.”

“नका सांगू,” सासूबाई म्हणाल्या. “मी काही विचारतच नाही. सकाळी नऊ ते दहा तुम्ही पेपर वाचून दाखवता, एवढं मला माहीत आहे.”

अण्णांनी तो तुकडा परत सासूबाईंच्या रुमालात ठेवला.

मला तोवर काहीच कळलं नव्हतं, कबूल करते. जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, “ठमीच्या खोकल्याला डॉक्टरांनी जी चिठ्ठी दिली होती, ती आहे का तुझ्या पर्समध्ये?”

“आहे. का?”

“उद्या लागेल.” मग हळूच म्हणाल्या, “आयुष्यात एवढं वाईट काम मी केलेलं नाही.”

६

गुरुवारी वकीलसाहेबांनी आम्हाला आत बोलावलं. ठमीच्या हातात खुळखुळा होता. “अरे, बाळ आलंय वाटतं,” ते म्हणाले, आणि मला आठवलं, पहिल्या दिवशीही खुळखुळा वाजल्यावरच ते असं म्हणाले होते.

“साहेब, निदान एक कागद तरी मिळाला,” सासूबाईंनी माझ्या पर्समधून घडी काढली. “मास्तरांचं संमतीपत्र. शुक्रवारची तारीख घातलीय त्यांनी. एकदा नजर टाका.”

वकीलसाहेबांनी कागद घेतला. समोर धरला. त्यांची मान डावीकडून उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे, ओळीमागून ओळ. “हं,” ते म्हणाले. “ठीक आहे. हे फाइलीत लावून घेऊ.”

त्यांच्या हातात ठमीच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी होती. दिवसातून तीनदा, अर्धा चमचा.

सासूबाईंनी वाकून तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

“ही माझ्या नातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, साहेब. मला माफ करा.”

त्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं, जणू तेच उघडं राहिलं होतं.

“उजेड आणि अंधार कळतो,” ते म्हणाले. “माणूस उभा आहे एवढं कळतं. अक्षर नाही. अण्णाशिवाय कुणाला माहीत नव्हतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. कार्ड, रंगाच्या पट्ट्या, मास्तरांचा थकलेला आवाज. आणि आमचे चार महिने. तो आळस नव्हता. रोज एक तास, एका माणसाच्या आवाजाने वाचून होईल तेवढंच त्या ऑफिसातलं काम पुढे सरकत होतं. नवऱ्याचा विनोद खरा होता, आणि आता मला त्याचं मुळीच हसू येत नव्हतं.

“संपलेल्या कामांचं कपाट कोण लावतं?” सासूबाईंनी विचारलं.

“मी. स्वतः. दर शनिवारी. किल्ली माझ्याकडेच असते. चाळीस वर्षांत ते काम मी दुसऱ्याला दिलेलं नाही. माणसाचं घर झालं की त्याची फाइल आपल्या हाताने ठेवावी.”

“परवाच्या शनिवारी टेबलावर किती होत्या?”

“तीन. तिन्हींना फूल. गाठ नव्हती. मी बघितली… चाचपली होती नीट.”

“तिसरीची गाठ कापलेली होती, साहेब. तुमच्या हाताची चूक नाही.” सासूबाईंनी तुकडा टेबलावर ठेवला. “त्या पोरीचीही नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं ना.”

साहेबांनी बोटांनी तीन गाठी मोजल्या. एकदा, मग पुन्हा. मग घड्याळाच्या साखळीला लावलेली किल्ली काढली, भिंतीला बोटं लावत कपाटापर्यंत गेले आणि वरच्या कप्प्यातून शेवटची फाइल ओढली.

आमचं घर संपलेल्या कामांत जाऊन बसलं होतं.

७

पण फाइल मिळाली म्हणून घर मिळत नाही. नव्या खताचा मसुदा त्यांनी तपासायला हवा होता, अण्णा घरी, आणि मध्ये एकच दिवस.

“दुसरे वकील बघा तुम्ही,” ते म्हणाले. “मी नाव सुचवतो.”

खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच होतं. चार महिने अंधारात ठेवल्याचा रागही होता. पण त्यांनी ते असं सांगितलं, खुर्चीच्या पाठीला धरून, की मी ठमीला सासूबाईंकडे दिलं आणि फाइल उघडली.

“मी वाचते. दोन्ही खतं. तुम्ही ऐका.”

मी वाचत गेले. आधी जुनं, मग नवं. चतुःसीमा, मोजमापं, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला भिंत. ते डोळे मिटून बसले होते. मध्येच ठमी रडली, मी तिला मांडीवर घेऊन थोपटत थोपटत वाचलं. नव्या खताचं शेवटचं पान आलं आणि त्यांनी हात वर केला.

“थांबा. जुन्यात उत्तरेच्या बाजूला मागच्या दारातून गल्लीत जायचा हक्क आहे. नव्यात ते वाक्यच नाही.”

मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं. हाच मसुदा मी, माझ्या नवऱ्याने आणि टायपिस्टने मिळून सहा डोळ्यांनी वाचला होता.

“ते घाला,” साहेब म्हणाले. “मागचं दार गेलं की घर अर्धं होतं.”

सासूबाई उठल्या. “साहेब, तुम्हाला ऐकून जे कळतं ते आम्हाला बघून कळत नाही. पण लोक घर तुमच्या हातात देतात. त्यांना सांगा की तुम्ही ऐकून काम करता. आणि वाचायला एक अण्णा पुरत नाही.”

साहेबांनी बेल दाबली. टायपिस्ट आत आली, त्यांनी तिला समोर बसवलं आणि तिला सगळं सांगितलं. कात्रीचं ऐकल्यावर ती रडली. डोळे पुसून तिने पहिला प्रश्न विचारला, “उद्यापासून नऊला येऊ का, साहेब?”

शुक्रवारी सगळे होते. अण्णा प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून आले. पुतण्याही आला, दाराशी टेकून उभा राहिला. मास्तरांनी जुन्या खतावरच्या ओरखड्यावर अंगठा फिरवला आणि नव्यावर सही केली. साहेबांसाठी अण्णांनी कागदावर पट्टी धरली. पट्टीच्या काठाने त्यांची सही सरळ, लांब, एकदाही न अडखळता गेली.

शेवटी त्यांनी फाइल मिटली, आखूड झालेल्या नाडीचं आपल्या हाताने फूल बांधलं आणि ती माझ्याकडे दिली. “तुमची प्रत. काम संपलं.”

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. त्या वर्षापासून त्यांच्या दारावरच्या पाटीखाली एक ओळ आली, इथे प्रत्येक कागद मोठ्याने वाचला जातो. म्हणतात, नंतर त्यांच्याकडे काम वाढलं. आता ते ऑफिस ती टायपिस्ट बघते. तीही वकील झाली.

ठमी शाळेतून मागच्या दाराने येते. मी खिडकीशी उभी राहते, आणि ती मुद्दाम मागून येऊन दचकवते. चौकटीवर मास्तरांच्या लेकीच्या रेघांशेजारी तिच्या रेघा आहेत, सगळ्यात खालच्या चार सासूबाईंच्या हातच्या, थोड्या तिरक्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

परवा कपाट आवरताना ठमीच्या हातात ती फाइल पडली. “आई, ही नाडी बघ किती वेडीवाकडी. सोडून नीट बांधू?”

मी धावत जाऊन तिच्या हातातून फाइल घेतली. सह्या झाल्या त्या शुक्रवारी, रिकाम्या घराच्या फरशीवर बसून, सासूबाईंनी साहेबांनी बांधलेलं ते फूल सोडलं होतं. “संपलं म्हणे,” त्या म्हणाल्या होत्या. “यांना काय कळतंय?” आणि त्या आखूड टोकाला, मोठ्या कष्टाने, नखांनी ओढून ओढून त्यांनी एक गाठ मारली होती.

एकच.